बाळंतिणीचे लाडू कोणी खायचे

“आजपशी ह्या तोंडमा गोडना कन जावाव नही. जीव गया तरी चाली.”

डॉक्टर हेमांगीच्या दवाखान्यात, पेशंटच्या स्टुलावर ताठ बसून बेबाबाईने ही घोषणा केली. आवाज असा, की बाहेर बाकावर बसलेली चार माणसं आपापलं दुखणं विसरून आत डोकवायला लागली. पूर्वी राजे लोक अशा प्रतिज्ञा करत. फरक एवढाच, की प्रतिज्ञा करताना राजांच्या डाव्या गालात अर्धा डिंकाचा लाडू नसायचा.

“मावशी, आधी तो गिळा,” हेमांगी म्हणाली.

बेबाबाईने गिळला. खरं तर तो लाडू गायीला घालायचा म्हणूनच ती पदरात बांधून निघाली होती. पण पाटलांच्या घरापासून दवाखान्यापर्यंत एकही गाय भेटली नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात गूळ पाघळायला लागला. लुगड्याला गुळाचा डाग पडू देण्यापेक्षा लाडू खाल्लेला बरा, असा तिने सारासार विचार केला होता.

बेबाबाई म्हणजे अमळनेरातली न्हाऊ घालणारी. नवरा झिपरू तेलाच्या मिलमध्ये होता. मिल बंद पडली तेव्हा तो ओट्यावर बसला, आणि वर गेला तेव्हाच तिथून उठला. बेबाबाईने मात्र अडतीस वर्षांत एक सकाळ चुकवली नाही. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा आणि पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ उपडं घालून त्याला न्हाऊ घालायचं. गावातला एक हेडमास्तर, दोन नगरसेवक आणि एक ट्रॅफिक हवालदार तिच्या नडग्यांवरून गेलेले होते. हवालदार चौकात कुणावर फार डाफरायला लागला, की बेबाबाई थांबून त्याच्याकडे नुसतं बघायची. तो लगेच शिट्टी तोंडात घालून दुसरीकडे तोंड करायचा. हेमांगीही तिच्याच नडग्यांवरची. त्यामुळे डॉक्टरने रागवायचं आणि पेशंटने ऐकायचं, हा नेहमीचा व्यवहार या दोघींत जरा अडखळत चालायचा.

पण त्या दिवशी हेमांगी खरंच रागावली होती. बेबाबाईच्या उजव्या पावलावर रुपयाएवढे तीन फोड होते आणि ते कशाने आले हे बेबाबाईला सांगता येत नव्हतं. हेमांगीने खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. बाळाच्या अंगावर पाणी घेण्याआधी बेबाबाई पहिला तांब्या स्वतःच्या पावलावर ओतून बघायची. पावलाला सोसलं तर बाळाला सोसतं, हे तिचं थर्मामीटर. त्या सकाळी पावलाला सोसलं. बाळावर ओतणार तेवढ्यात तांब्या धरलेल्या हातावर शिंतोडा उडाला आणि हात भाजला.

हेमांगीने कापसाचा बोळा पावलावरून फिरवला आणि लागतं का विचारलं. बेबाबाईने “कायन लागस?” म्हणून उलट विचारलं. मग साखर तपासली. आकडा बघून हेमांगीने ती पुन्हा एकदा तपासली.

घरात गोडधोड किती होतं, असं तिने विचारलं. बेबाबाई म्हणाली, एकट्या बाईला कसलं गोडधोड, घरात साखरेचा डबासुद्धा नाही. आणि ते खरंच होतं. मग दोघींनी मिळून हिशेब मांडला. रोज तीन घरं. प्रत्येक घरी न्हाणं झाल्यावर एक लाडू, डिंकाचा नाहीतर आळिवाचा, आणि गोडमिट्ट चहा. अशी अडतीस वर्षं. खाणीतल्या माणसाच्या छातीत धूळ जाते, कापसाच्या जिनिंगवरच्या बायकांना खोकला लागतो, तशी बेबाबाईला बाळंतिणींची साखर लागली होती. या दुखण्याची सरकारदरबारी अजून नोंद झालेली नाही.

“तुमच्या पायाला आता कळत नाही, मावशी,” हेमांगी म्हणाली. “हे असंच चाललं तर पाय जाईल. आणि त्याच्या आधी एखादं लेकरू भाजेल.”

पाय जाईल हे ऐकून बेबाबाईचा चेहरा हलला नाही. लेकरू भाजेल म्हटल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, दाढेत अडकलेला खारकेचा तुकडा जिभेने काढला आणि ती पहिल्यांदाच खाली बघून म्हणाली, की काय करायचं ते सांग.

करायचं ते साधं होतं. गोळ्या वेळेवर. दादर ज्वारीची नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वरण, पालेभाजी, ताक. पाणी यापुढे कोपराने बघायचं. पाय रोज उजेडात धरून तपासायचे. आणि लाडू बंद.

साधं होतं म्हणजे सांगायला साधं होतं. कारण न्हाऊ घालणारीने लाडू खायचा तो काही तिची भूक म्हणून नव्हे. तिने बाळंतिणीच्या घरचा लाडू खाल्ला की दूध उतरतं, आणि नाकारला तर आटतं, ही गावाची पक्की समजूत. ही समजूत गावात कोणी पसरवली याचा शोध घ्यायला गेलं, तर तो बेबाबाईच्याच घरी येऊन थांबला असता. तरुणपणी दोन-तीन घरांनी लाडू द्यायला कुचराई केली तेव्हा तिनेच हे हळूच सोडून दिलं होतं. तेव्हा पोटात आग होती आणि मिल बंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटलांकडे गेली. रुपचंद नाना आणि मंजुळाबाई यांची एकुलती लेक कामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. धुळ्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मुलगी झाली त्याला सहा दिवस झाले होते. जावई समाधान पुण्याहून फोनवर ‘दूध वाढवणारे अकरा पदार्थ’ असे व्हिडिओ पाठवायचा. त्यातले नऊ पदार्थ अमळनेरात मिळत नव्हते आणि उरलेले दोन मंजुळाबाईला ओळखू आले नाहीत.

न्हाणं झालं. मंजुळाबाईने ताटलीत लाडू आणला. बेबाबाईने हात मागे घेतला आणि डॉक्टरने सांगितलं ते सगळं सांगितलं. मंजुळाबाईने मन लावून ऐकलं, वाईट वाटलं म्हणाली आणि ताटली आणखी पुढे केली. अर्धा तरी खा. चतकोर खा. नुसता तोंडाला लाव. बेबाबाई नाही म्हणाली. कॉटवर बसलेल्या नानांनी, ज्यांना स्वतःला बारा वर्षांची साखर होती, सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणून आपण खाऊन टाकतो असं सुचवलं. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

त्या दुपारी कामिनीची मुलगी रडली. लहान मुलं रडतात. पण आदल्या दिवशीपर्यंत ती भूक लागली म्हणून रडायची, त्या दिवसापासून बेबाबाईने लाडू नाकारला म्हणून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी घरात दुधाची बाटली आली. तिसऱ्या दिवशी बेबाबाईच्या उरलेल्या दोन घरांचा निरोप आला, की चार दिवस येऊ नका, आमच्याकडे पाहुणे आहेत. पाहुणे कोणाकडेच नव्हते. उन्हाळ्यात अमळनेरला पाहुणा येतो तो चुकून.

बेबाबाई घरी बसली. अडतीस वर्षांत ती सकाळी नऊला घरी कधी नव्हती. या वेळेला घरात ऊन कुठून येतं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. शेजारणीने शहाणपणा सांगितला, की बाई, लाडू घ्यावा आणि वाटेत टाकून द्यावा, कोण बघतंय. बेबाबाईला गाय न भेटलेला दिवस आठवला. लाडूच्या बाबतीत आपला स्वतःवर भरवसा नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. आणि समजा टाकला, तरी कामिनीच्या पोरीचं काय? बाटली सुरू झाली होती. बाटली लागलेलं पोर मग आईला ओढत नाही, आणि पोर ओढत नाही तोवर दूध येत नाही, हे बेबाबाईइतकं गावात कोणाला माहीत होतं?

ती उठून पुन्हा हेमांगीकडे गेली. या वेळी स्वतःचा पाय दाखवला नाही. पाटलांच्या पोरीबद्दल विचारलं. हेमांगीने जे सांगितलं ते बेबाबाईला हातांनी माहीत होतं, फक्त डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं. बाळाला मागेल तेव्हा आणि न मागताही छातीशी लावा, नीट तोंडभर धरू द्या. आईला चौरस जेवण आणि पोटभर पाणी द्या. दिवसाकाठी सहा-सात दुपटी ओली झाली म्हणजे दूध पुरतंय. बाळ मलूल वाटलं किंवा दुपटी कोरडी राहिली, तर माझ्याकडे आणा, तिथे हट्ट नको. बाहेरचं दूध लागलंच तर मी सांगेन, आणि ते वाटी-चमच्याने.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई पाटलांच्या दारात पोचली तेव्हा मंजुळाबाईने तयारी करून ठेवली होती. गल्लीतल्या सात बायका सतरंजीवर, मधे ताटली, ताटलीत लाडू. बारशाला चार दिवस उरले होते, धुळ्याहून विहीण येणार होती, आणि माहेरी पोर वाळली हे विहिणीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मंजुळाबाईला मरण पत्करलं असतं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. ती वाईट बाई नव्हती. घाबरलेली आई होती.

“बेबाबाई, मी तुन्हा पाय धरस,” ती म्हणाली. “हाऊ एक लाडू खाय. नही ते सकायपशी येऊ नको.”

सात बायका बेबाबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. बेबाबाईने ताटलीकडे बघितलं. लाडू चांगला झाला होता. वर खसखस होती.

ती ताटली ओलांडून आतल्या खोलीत गेली.

आत कामिनी बाजेवर होती. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, खिडक्या बंद, डोक्याला आणि कानांना रुमाल गच्च बांधलेला, अंगावर स्वेटर आणि बाजेखाली शेगडी. खानदेशात वांगी याच पद्धतीने भाजतात. उशाशी मधाची बाटली, येणारी प्रत्येक बाई बाळाला बोटभर चाटवून जायची.

काल काय जेवलीस, असं बेबाबाईने कामिनीला विचारलं. कामिनीने सांगितलं. सकाळी कोरडी भाकर आणि लसूण. डाळ नाही, बाळाला वात होतो. पालेभाजी नाही, बाळाचं पोट बिघडतं. ताक नाही, सर्दी होते. पाणी दोन वेळा अर्धा पेला, जास्त पाण्याने पोट सुटतं. आणि लाडू? लाडू घशाखाली उतरत नाहीत, पाण्याशिवाय कसे उतरतील? मग डबाभर लाडू गेले कुठे? भेटायला येणाऱ्या बायकांनी खाल्ले, बेबाबाईने खाल्ले, आणि दुपारी सगळे झोपल्यावर नानांनी खाल्ले. बाळंतिणीचे लाडू बाळंतीण सोडून सगळ्यांच्या अंगी लागले होते.

बाहेर सात बायका आता जमिनीकडे बघत होत्या.

“मावशी,” कामिनी म्हणाली, “मला तांब्याभर पाणी पाहिजे.”

बेबाबाईने आधी शेगडी ओढून बाहेर ठेवली. मग कामिनीच्या कानांचा रुमाल सोडला, खिडकी उघडली, मधाची बाटली मोरीत रिकामी केली आणि दुधाची बाटली पदराखाली घातली. माठातलं पाणी तिने स्वतः आणलं. कामिनी तांब्या तोंडाला लावून गटागटा प्यायली.

मग बेबाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. अशी बसली की आत जायचं तर तिला ओलांडून जावं लागावं.

“अक्का,” ती मंजुळाबाईला म्हणाली, “लाडूनी दूध येस, हाई मीच सांगेल व्हतं. खोटं सांगं मी. माले भूक व्हती. दूध पोर ओढस तव्हय येस, आनि माय जेवस तव्हय येस. तीन रोज दे माले. तीन रोजमा दूध नही वनं, ते डबामाधला बठ्ठा लाडू मी आठे बशीसन खासू. पाय गया ते जाऊ दे.”

असा कबुलीजबाब गल्लीने आजवर ऐकला नव्हता. एका बाईने विचारलं, की म्हणजे आमच्या सुनेच्या वेळचे लाडू फुकटच गेले का. बेबाबाई हो म्हणाली. ती बाई बराच वेळ मनाशी काहीतरी मोजत राहिली.

मंजुळाबाईने होकार दिला नाही. पण उंबऱ्यावर बसलेली बाई हलत नाही आणि लेक दुसरा तांब्या मागते आहे, असं झाल्यावर तिने मुगाची डाळ शिजायला टाकली.

तीन दिवस बेबाबाई सकाळी आली आणि दिवे लागल्यावर गेली. जाण्यासारखं दुसरं घर तिला नव्हतंच. वरण, शेपूची भाजी, मेथीची भाजी, तिळाची चटणी, कळण्याची भाकर, ताक. ज्या घरात आई जेवते त्या घरात एकच पातेलं चढतं, या नियमाने नानांच्या ताटातही तेच आलं. आपण काय बाळंत झालो का, असं त्यांनी दोनदा विचारलं. बेबाबाई म्हणाली, नाना, तुम्ही आणि मी एकाच डब्याचे चोर आहोत, गुपचूप शेपू खा. नानांनी खाल्ला, आणि डब्याला कुलूप लागल्याचं दुःख वर्तमानपत्रात तोंड घालून लपवलं.

पोर पहिल्या दिवशी छातीशी धरली की तोंड फिरवून किंचाळायची. बाटलीची सवय. बेबाबाईने कामिनीची पाठ उशीने टेकवली, पोरीचं पोट तिच्या पोटाला लावलं, मान हाताच्या घडीत धरली आणि तोंड पूर्ण उघडेपर्यंत वाट बघायला शिकवलं. दर दीड-दोन तासांनी हेच. कामिनी एकदा रडली, आपल्याच्याने होत नाही म्हणाली. बेबाबाईने तिला सांगितलं, की तुझी आईसुद्धा तुझ्या वेळी इथेच, हेच म्हणून रडली होती. दारामागे उभ्या असलेल्या मंजुळाबाईने ते ऐकलं आणि ती ताक घुसळायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोरीवर चार ओली दुपटी होती. हेमांगी स्वतः येऊन पोर बघून गेली, हरकत नाही म्हणाली, उद्या पुन्हा येते म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात झाली. मंजुळाबाई ती पुन्हा पुन्हा मोजत होती. वाळलेलं दुपटंसुद्धा तिने काढलं नाही. विहीण येईपर्यंत तशीच दिसू देत, असं तिचं म्हणणं. हेमांगीने काटा आणला. पोरीचं वजन वाढलं होतं. नाना उठून अंगणात गेले आणि तिथून सात दुपटी असं फोनवर जावयाला ओरडून सांगायला लागले. पलीकडून समाधानला काहीच समजलं नाही.

बारशाच्या दिवशी धुळ्याची विहीण आली. जाड सोन्याच्या पाटल्या, बारीक नजर. तिने नातीला मांडीवर घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, ओठाच्या कडेला आलेला दुधाचा ओघळ बोटाने टिपला आणि काही बोलली नाही. ज्यांना तिचा स्वभाव माहीत होता त्यांनी ओळखलं, की ही फार मोठी शाबासकी झाली. त्याच सात बायका सतरंजीवर होत्या. त्यातल्या एकीने आपल्या सुनेला आठवा लागल्याचं बेबाबाईच्या कानात सांगून ठेवलं होतं.

पाळणा म्हणून झाला. मग विहिणीने रीतीप्रमाणे विचारलं, की न्हाऊ घालणारीला लाडू दिला की नाही. आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच्या पिशवीतून, धुळ्याहून आणलेल्या तुपातल्या लाडवांचा डबा काढून, त्यातला सगळ्यात मोठा लाडू बेबाबाईपुढे धरला.

आता पैज नव्हती. दूध आलेलं होतं. एक लाडू खाल्ल्याने कोणाचंही काही बिघडलं नसतं, असं खोलीतल्या बहुतेकांना वाटलं. बेबाबाईलाही वाटलं. तिच्या घशाची हालचाल झाली ती कामिनीला दिसली.

“माले नको,” बेबाबाई म्हणाली. “अडतीस वरीस दुसरानं खादं. आते पुरं. हाऊ लाडू पोरनी मायना शे, तिले द्या.”

विहिणीचा हात तसाच हवेत राहिला. तिने मान वळवून मंजुळाबाईकडे बघितलं. अपमान झाला की काय, हे तिला मंजुळाबाईकडून ठरवून घ्यायचं होतं. मंजुळाबाईचं तोंड पांढरं पडलं. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आमनाकडे न्हाऊ घालनारीले लाडू देवानी रीत नही, विहीणबाई,” ती म्हणाली. “पयलेपशी नही.”

चार दिवसांपूर्वी त्याच सतरंजीवर बसून ती रीत डोळ्यांनी पाहिलेल्या सात बायकांनी एकसाथ माना डोलावल्या. नानांनी तर, आमच्या आजोबांच्या काळापासून नाही, अशी भर घातली. विहिणीने लाडू कामिनीच्या हातात दिला. कामिनीने तो सगळ्यांसमोर खाल्ला आणि वर पाणी प्यायली.

बेबाबाई उठली. पाळण्याला हात लावून बोटं कानशिलावर मोडली, पदर खोचला आणि बायकांच्या मधून वाट काढत दाराकडे निघाली. बायका पाय आवरून तिला जागा देत होत्या. पाठ ताठ होती. चाल अशी, की चौकातल्या हवालदाराने बघितली असती तर दोन्ही बाजूंची रहदारी थांबवली असती.

पायरीवर काढलेल्या चपलांकडे पाय सरकवून ती थांबली. कामिनी पोरीला खांद्यावर घेऊन दारापर्यंत आली होती. आतल्या बायका अजून बघत होत्या, त्यामुळे मान खाली घालून बघायची बेबाबाईची तयारी नव्हती. तिने चौकट धरली, समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली आणि कामिनीला एकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“माय, जरासं दख बरं. मन्हा दोन्ही पायमा चपला शेतस ना?”